साष्टींतील देवांचें देशांतर

आशौचप्रकरणांत ‘देशांतर’ कशास म्हणावें याचा विचार धर्मशास्त्रावरील निबंधकारांनीं केला आहे. परदेशीं मेलेल्या सपिंडाची वार्ता उशिरां कळल्यास सुतक किती धरावें हें ठरविण्यापूर्वीं परदेश कोणता हें ठरवावें लागतें. त्यांनीं आधारास घेतलेल्या एका स्मृतिवचनाचा आशय असा कीं, जेथें मध्यें महानदी असते, किंवा पर्वत आड येतो, किंवा वाणी बदलते, तें देशांतर होय. दुसरे कित्येक योजनांचें माप सांगतात. परंतु पहिलें लक्षण आम्हांस अधिक मार्मिक वाटतें. मनुष्य घरापासून किती कोस दूर गेला यावरून त्यास काय अंतरलें हें कळत नाहीं. मध्यें काय आड आलें यावरून कळतें.

गोमंतकांत सोळाव्या शतकापासून जें देशांतर घडलें त्यास या तीन लक्षणांपैकीं एकच लागू पडतें. साष्टी व अंत्रुज या दोन महालांमध्यें जुवारी नदी आहे. पर्वत नाहीं, वाणीही एकच. कुठ्ठाळीहून निघालेला मनुष्य त्याच दिवशीं प्रियोळास पोंचूं शकतो. असें असतां १५४३ पासून १७६३ पर्यंत, म्हणजे दोनशें वीस वर्षें, या दोन तीरांवर दोन राज्यें होतीं. दक्षिण तीरावर पोर्तुगीजांचा अंमल. उत्तर तीरावर प्रथम आदिलशाही, पुढें मराठे व सोंधेकर. लग्न, मुंज, पुराणश्रवण या गोष्टी एका तीरावर दंडास पात्र आणि दुसऱ्या तीरावर नित्याच्या. होडीनें तास दोन तासांत ओलांडतां येणारें, पण पिढ्यान्‌पिढ्या न संपणारें असें हें देशांतर आहे.

घटना सर्वश्रुत आहेत, म्हणून त्यांचा उल्लेख थोडक्यांत करितों. १५१० त आल्बुकेर्कनें गोवें घेतलें. तिसवाडींतील देवळें १५४० च्या सुमारास पडलीं. १५४३ त साष्टी व बारदेश हे दोन महाल आदिलशाहींतून पोर्तुगीजांकडे गेले. १५६० त गोव्यांत इन्क्विझिशन स्थापन झालें, तें १८१२ त कायमचें बंद झालें. साष्टींतील देवळांचा मुख्य विध्वंस १५६७ सालचा. याच सुमारास कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास, रायची कामाक्षी शिरोड्यास, सांकवाळचा लक्ष्मीनृसिंह वेलिंगास, मडगांवचा दामोदर जांबावलीस असे देव निघून गेले. मंगेशाचें वर्ष परंपरेनें १५६० सांगतात.

या प्रकरणाचा विचार आजवर बहुधा दोन अंगांनीं झाला आहे. पोर्तुगीज व हिंदी विद्वानांनीं किती देवळें पाडलीं याची मोजदाद केली, आणि देवस्थानांच्या इतिहासकारांनीं मूर्ति कोणीं, कोणत्या रात्रीं, कशी नेली याच्या कथा नोंदविल्या. दोन्ही कामें आवश्यकच होतीं. परंतु जे गेले त्यांस पलीकडे गेल्यावर काय आठवत राहिलें, जे राहिले त्यांस काय उणें वाटूं लागलें, आणि दोघेही कोणत्या दिवसाची वाट पाहूं लागले, हा प्रश्न या मोजदादींत सुटत नाहीं. रोजनिशी लिहिण्याची चाल आपल्याकडे नव्हती, म्हणून उत्तर मिळणार नाहीं असें मानणें मात्र चुकीचें आहे. उत्तर गांवांच्या नांवांत, देवळांच्या बांधणींत, सरकारी मनाईंत आणि उत्सवांच्या तिथींत पडलेलें आहे.

पहिली ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, माणसें लांब गेलीं पण देव लांब गेले नाहींत. सारस्वत, दैवज्ञ इत्यादि कुळें कारवार, अंकोला, कुमठा, होन्नावर, मंगळूर या मार्गानें थेट कोचीपर्यंत पसरलीं. तेथील राजांनीं त्यांस आश्रय दिला, व्यापार दिला. कोचीस त्यांनीं स्वतःचें तिरुमल देवस्थानही उभारलें. कुलदैवतें तिकडे नेतां आलीं असतीं. तरीही त्यांपैकीं बहुतेक मुख्य देवता नदीच्या पहिल्याच तीरावर, अंत्रुजांत, एकमेकींच्या शेजारीं बसविल्या गेल्या. अंत्रुजास झाडी व डोंगरी होती, लपण्यास सोयीचें होतें, हें कारण सांगतात व तें खरेंही आहे. पण तेवढ्यानें समाधान होत नाहीं. लपणें एवढाच हेतु असता तर घाटाखालचा प्रदेश पुष्कळ मोकळा होता. देव ज्या जागेवरून निघाला ती जागा डोळ्यांच्या टप्प्यांत राहावी, म्हणजे दिवस पालटतांच परत नेतां येईल, अशी ही योजना दिसते. आमच्या मतें हें देवांचें स्थलांतर नव्हतें, तात्पुरता मुक्काम होता. तो उठला नाहीं ही गोष्ट वेगळी.

या मताला दुसरा आधार नांवांचा. वेर्ण्यांत जेथें म्हाळसेचें मूळ देऊळ होतें त्या जागेचें नांव म्हार्दोळ. देवी अंत्रुजांत आली तेव्हां नव्या जागेसही म्हार्दोळ हेंच नांव पडलें आणि वेर्ण्यांतील जागा ‘जुनें म्हार्दोळ’ झाली. सप्तकोटीश्वराचें असेंच. कदंबांचें हें कुलदैवत दिवाडी बेटावरील नार्वें येथें होतें. तें पाडल्यावर लिंग नदीपलीकडे डिचोली महालांत हिंदळें गांवीं आणिलें, आणि कालांतरानें त्या गांवासच नार्वें म्हणूं लागले. तेथील देवालयाच्या दारावरील लहानसा संस्कृत शिलालेख वाचकांस परिचित असेल. शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी, सोमवार, म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८ या दिवशीं शिवाजीमहाराजांच्या आज्ञेनें देवालयाच्या कामास आरंभ झाला, एवढाच त्यांतील मजकूर. लेखांत देवाचें नांव आहे, राजाचें आहे, तिथि आहे. देव मूळचा पलीकडच्या बेटावरचा होता, हें सांगण्याचें काम लेखाकडे नव्हतें. तें गांवाच्या नांवानें केलें. फातर्प्यास नेलेल्या देवीस तर आजही ‘शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण’ म्हणतात. माणसाच्या आडनांवाप्रमाणें देवीच्या नांवामागें सोडलेला गांव जोडलेला आहे. माणसांचेंही तेंच. कारवारकडील कित्येक वेर्णेकर व रायकर घराण्यांनीं कैक पिढ्यांत वेर्णें किंवा राय पाहिलेलें नाहीं. पण नांव टाकलें नाहीं.

तिसरा आधार बांधणीचा. आज प्रवासी ज्या भव्य देवळांचें कौतुक करितात तीं देव आले तेव्हांचीं नाहींत. मंगेशीचें मुख्य देऊळ अठराव्या शतकांतलें व पुढें एकोणिसाव्या शतकांत दुरुस्त केलेलें. कवळ्याचें देऊळ शाहूमहाराजांचे मंत्री नारो राम यांच्या पुढाकारानें अठराव्या शतकांतच उभें राहिलें. म्हणजे येऊन दीडशें वर्षें लोटली तरी कायमच्या इमारतीस हात घातला गेला नाहीं. याचें एक कारण अर्थात् द्रव्याचा अभाव. जमिनी साष्टींतच राहिल्या होत्या. १५६७ च्या साष्टीच्या फोरालांत, म्हणजे जमीनमहसुलाच्या सरकारी नोंदवहींत, गांवोगांवच्या देवळांच्या व देवळाच्या सेवेकऱ्यांच्या शेतांची टीप आहे, आणि त्या उत्पन्नाचा विनियोग पुढें पाद्र्यांच्या संस्थांकडे झाला. देव निर्धन होऊन नदीपार गेला. परंतु द्रव्य हें सर्व कारण नव्हे. ज्यास परत जावयाचें असतें तो दगडी चौथरा बांधीत नाहीं. १७३९ त व्यंकटराव घोरपडे यांच्या हाताखालील मराठी फौज साष्टींत शिरली, मडगांव पडलें, राशोलास वेढा बसला. त्याच वर्षीं वसईही घेतली. दोनशें वर्षांत परतीची आशा इतकी जवळ कधींच आली नव्हती. पुढें तह झाला, फौज निघाली व साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. अंत्रुजांतील दीपमाळा, तळीं, घुमट यांचें वैभव त्याच्या आगेंमागें व नंतर वाढूं लागलें. मराठी दरबारांतील सारस्वत मंडळींचें वजन व पैसा हें त्याचें उघड कारण. पण परतीची वाट पाहणें संपलें, हेंही त्यांत आम्हांस वाचतां येतें. ज्यांस हा तर्क धाडसाचा वाटेल त्यांनीं देवस्थानांच्या जुन्या हिशेबी वह्या तपासाव्या.

आतां मागें राहिलेल्यांकडे वळूं. एका घरांतील एक भाऊ देव घेऊन पलीकडे गेला आणि दुसरा भाऊ शेत राखण्यासाठीं बाप्तिस्मा घेऊन राहिला, अशी हकीकत गोमंतकांतील अनेक कुळांच्या परंपरेंत आढळते. प्रत्येक घराविषयीं ती तंतोतंत खरी मानण्याचें कारण नाहीं. पण गांवकरीचा वांटा जमिनीस बांधलेला होता, देवास नव्हे, हें पाहतां ती असंभाव्यही नाहीं. गेलेल्याकडे देव राहिला व माती गेली. राहिलेल्याकडे माती राहिली व देव गेला. विध्वंसाच्या इतिहासांत पहिल्याचेंच दुःख मांडलें जातें. दुसऱ्याचें दुःख शोधावयाचें तर तें त्याच्या नव्या धर्मगुरूंच्याच ग्रंथांत व हुकुमांत शोधावें लागतें, आणि तेथें तें विपुल सांपडतें.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरला आणि १६१९ त तेथेंच वारला. तोही एका अर्थीं देशत्यागीच. त्याच्या मायदेशीं कॅथॉलिक पाद्र्यास त्या काळीं थारा नव्हता. साष्टींत त्याचें आयुष्य गेलें आणि तेथें त्यानें सुमारें अकरा हजार ओंव्यांचा मराठी ‘क्रिस्तपुराण’ ग्रंथ रचिला, तो १६१६ त राशोलास छापला. ग्रंथ कां रचिला याचें कारण आरंभींच दिलें आहे: जुनीं पुराणें तुम्ही बंद केलीं, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं आम्हांस द्या, अशा अर्थाची मागणी एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें केली. बाप्तिस्मा होऊन पिढी उलटली तरी संध्याकाळीं पुराण ऐकण्याची संवय उरली होती, व ती रिकामी जागा पाद्र्यास जाणवली, ही या मागणीची किंमत. मराठी वाङ्‌मयाच्या इतिहासांत या ग्रंथाच्या भाषेची स्तुति पुष्कळ झाली. तो एका अंतरलेल्या वस्तूची भरपाई म्हणून जन्मला, याकडे मात्र दुर्लक्ष झालें आहे. हस्तलिखितांच्या संग्राहकांस ठाऊकच आहे कीं, त्याच्या १६१६, १६४९ व १६५४ या तीन आवृत्त्यांपैकीं एकही छापील प्रत हातीं नाहीं. मार्सडेनच्या संग्रहांतील देवनागरी पोथी लंडनांत आहे.

१६२० च्या हुकुमानें हिंदूंस गोवें शहरांत व लगतच्या पोर्तुगीज मुलखांत लग्न लावण्याची बंदी झाली. जे धर्म न सोडतां व्यापाराकरितां तेथें राहिले होते त्यांस वऱ्हाड घेऊन सीमेपार जावें लागे. एरवीं देशांतर म्हणजे दुःख. त्यांच्या घरीं मंगलकार्याची तिथि आणि देशांतराची तिथि एकच झाली. उलट १७३६ चा इन्क्विझिशनचा जाहीरनामा ख्रिस्ती झालेल्यांसाठीं आहे. त्यांत दारीं तुळस लावूं नये, अळणी भात शिजवूं नये, लग्नांत ओंव्या म्हणूं नयेत, विडे वांटूं नयेत, धोतर नेसूं नये अशा बारीकसारीक मनाया आहेत. मनाई नेहमीं चालत असलेल्या गोष्टीची असते. बाप्तिस्म्यास पावणेदोनशें वर्षें होऊन गेल्यावरही साष्टी-बारदेशांतील घरांत अळणी भात शिजत होता व बायका ओंव्या गात होत्या, याचा याहून बलवत्तर पुरावा कोणता हवा? दंड करणाऱ्याच्या यादीइतकी विश्वसनीय यादी प्रेमानें केलेलीही क्वचित असते.

वाणीविषयीं एक गंमत सांगण्यासारखी आहे. १६८४ त व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें. स्मृतिवचनांतलें जें तिसरें लक्षण येथें निसर्गतः नव्हतें तें हुकुमानें उत्पन्न करण्याचा हा प्रयत्न. तो साधला नाहीं. साष्टींत कोंकणीच राहिली. परंतु हुकुमास जें जमलें नाहीं तें नदीनें हळूहळू केलें. आज अंत्रुजी कोंकणी व साष्टीची कोंकणी यांचे उच्चार, शब्द व लिपि यांत जो भेद दिसतो तो जाणत्या कानास दोन वाक्यांत कळतो. एकाच घरांतले दोन भाऊ बरेच दिवस भेटले नाहींत म्हणजे असें व्हावयाचेंच.

ग्रंथांचेंही देशांतर झालें, आणि तें या त्रैमासिकाच्या वाचकांस अधिक झोंबेल. १५५९ च्या नोव्हेंबरांत लुईश फ्रोइश या जेझुइटानें लिहिलेल्या पत्रांत एक हकीकत आहे. नदीपलीकडे मुख्य भूमीवर राहणाऱ्या एका ब्राह्मणानें आठ वर्षें खर्चून व्यासाच्या नांवावरील ग्रंथ जमविले व त्यांचें भाषांतर केलें होतें. एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें व्हाइसरॉयच्या परवानगीनें तो संग्रह त्याच्या घरांतून उचलून गोव्यांत आणिला. सीमेपार राहूनही पोथ्या सुरक्षित नव्हत्या, असा याचा अर्थ. त्या बिचाऱ्या संग्राहकाचें नांव पत्रांत आलें नाहीं, नेणाऱ्याचें आलें. खंडनासाठीं जमविलेल्या अशा वाङ्‌मयांतून पुढें रोमन लिपींत कोंकणी व मराठी नकला तयार झाल्या, आणि त्यांपैकीं सोळाव्या शतकांतील कांहीं वह्या पोर्तुगालमध्यें ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयांत आहेत. कृष्णदास शामा या केळशीच्या कवीनें १५२६ त आरंभिलेलें कृष्णचरित्र आपणांस माहीत आहे तें त्याच वह्यांमुळें. केळशीची देवी कवळ्यास गेली, केळशीचा कवि ब्रागास. जिचें रक्षण भक्तांनीं केलें ती नदीपार राहिली. ज्याचें रक्षण शत्रूनें केलें तो समुद्रापार.

दूर गेलेल्यांनीं लिपि मात्र बरोबर नेली. कोचीचा डच अधिकारी व्हान ऱ्हेडे यानें मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा जो महाग्रंथ केला, त्याच्या १६७८ त निघालेल्या पहिल्या भागांत रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोंकणी वैद्यांनीं २० एप्रिल १६७५ रोजीं दिलेलें प्रमाणपत्र छापलें आहे, तें नागरी अक्षरांत व कोंकणींत. गोवें सोडल्यास तोंपर्यंत शंभरावर वर्षें झालीं होतीं. मलयाळम् मुलखांत, डचांच्या नोकरींत, लॅटिन ग्रंथासाठीं साक्ष द्यावयाची, तर ती आपल्या अक्षरांत. याच दूरच्या कुळांस अंत्रुजाची वाट केव्हां आठवे? लग्न झालें, मूल झालें, नवस फेडावयाचा असला म्हणजे. कुळावी म्हणून देवस्थानाशीं त्यांचें नातें आजही नोंदलेलें असतें, आणि नवें जोडपें कोचीहून अथवा मंगळुराहून कुलदैवतास येतें. लक्षांत घ्यावें कीं, हीं मंडळी गोव्यास येतात तीं कवळ्यास व मंगेशीस. केळशीस व कुठ्ठाळीस सहसा नव्हे. त्यांच्यापुरतें मूळ गांव नदीच्या उत्तर तीरावर सरकलें आहे.

मागें राहिलेल्यांपैकीं व जवळ गेलेल्यांपैकीं मात्र कित्येकांनीं दक्षिण तीर सोडला नाहीं. मडगांवचा दामोदर जांबावलीस गेला. फाल्गुन वद्यांत तेथें गुलालाचा उत्सव होतो आणि तो चालवितात मडगांवकर. गांवाकडे देव येत नाहीं म्हणून गांवच देवाकडे मुक्कामास जातो. डिचोली महालांतील शिरगांवची लईराई व बारदेशांतील म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रिस सायबीण या बहिणी मानल्या आहेत. एकीच्या उत्सवास दुसरीकडून तेल किंवा फुलें जाण्याची प्रथा सांगतात. दोन धर्मांच्या अधिकाऱ्यांनीं जें नातें तोडलें तें तेलाच्या भांड्यानें राखलें.

सर्वांत बोलका प्रकार कुंकळ्ळीचा. १५८३ त या गांवानें पाद्र्यांच्या तुकडीस विरोध केला, त्यांत पांच जेझुइट मारले गेले. पुढें तहाच्या मिषानें गांवच्या प्रमुखांस असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून ठार करण्यांत आलें. जमिनी जप्त झाल्या, देवी फातर्प्यास गेली. गांवांत चर्च झालें व गांवकरी ख्रिस्ती झाले. तरी बारा वांगडांची विभागणी मोडली नाहीं. फाल्गुनांत छत्र्योत्सव होतो: बारा वांगडांच्या बारा छत्र्यांसह देवी फातर्प्याहून निघून कुंकळ्ळीस येते, गुलाल उधळीत मिरवणूक जुन्या स्थानीं पोंचते, आणि ज्या वांगडांचे वंशज आज ख्रिस्ती आहेत त्यांचाही त्यांत मान असतो. देवी तेथें राहत नाहीं. मिरवणूक पुन्हां फातर्प्यास वळते. १७६३ नंतर अंत्रुज व पुढें इतर नवे महालही पोर्तुगीजांकडे आले, देवळांस अभय मिळालें, दोन देशांमधली सीमा नाहींशी झाली; १९६१ त तर पोर्तुगीज राज्यही गेलें. अलीकडे वेर्ण्यास जुन्या म्हार्दोळाच्या जागीं म्हाळसेचें देऊळ पुन्हां उभें राहिलें आहे, म्हार्दोळचें मात्र तसेंच चालू आहे. कुंकळ्ळीकरीण अद्याप वर्षास एकदांच येते.

या मिरवणुकींत प्रत्येक वांगडाची छत्री कोणीं धरावयाची व मान कोणत्या क्रमानें द्यावयाचा यांच्या याद्या कुंकळ्ळी व फातर्पें येथील घरांत असल्यास त्यांच्या नकला कोणी मिळवाव्या. १५६७ च्या फोरालांतील कुंकळ्ळीच्या शेतांच्या यादीशीं त्या ताडून पाहिल्या, तर कोणतें शेत कोणत्या वांगडानें देवीच्या कोणत्या सेवेबद्दल खाल्लें होतें हें ठरविण्यास चांगलें साधन मिळेल.